शिकायला आलेल्या मुलांचा टॅक्स : फॉर्म ८८४३ पासून वहिनींच्या एफडीपर्यंत

मार्च २०२५ उजाडला, घड्याळं एक तास पुढे सरकली, आणि आपल्या घराघरांत टॅक्सचे कागद शोधायची धावपळ सुरू झाली. आजचा भाग मात्र तुमच्या स्वतःच्या टॅक्सबद्दल नाही. शनिवारी बसने किंवा मित्राच्या गाडीतून तुमच्याकडे येतो, कपड्यांची पिशवी मशीनजवळ ठेवतो आणि वरण-भात बघून डोळे मिटतो, त्या भाच्याबद्दल किंवा पुतणीबद्दल आहे. एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकणारी आपली मुलं टॅक्सच्या बाबतीत फारच एकटी पडतात. तिकडे आईबाबांना इथले फॉर्म माहीत नसतात. इथे आपल्याला वाटतं, की आपण वीस वर्षं रिटर्न भरतोय, आपल्याला कळतं. आणि नेमकी तिथेच चूक होते, कारण त्यांचा फॉर्म आपल्यापेक्षा वेगळा असतो.

माझ्याच घरचं सांगते. माझा भाचा २०२१ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्स करायला आला. मे २०२३ मध्ये पदवी मिळाली, जूनपासून ओपीटीवर नोकरी लागली. डिसेंबरपर्यंत साधारण चाळीस हजार डॉलर पगार झाला. मार्च २०२४ मध्ये एका संध्याकाळी त्याचा फोन. ‘आत्या, टॅक्स भरून टाकला. सॉफ्टवेअरने चाळीस मिनिटांत केला. फीच्या कागदावर दोन हजारांची सूट पण मिळाली!’ मीही खूश झाले. शाबासकी दिली. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा जुलैत मात्र हसू आलं नव्हतं. शेजारच्या एका सीपीए बाईंशी बोलता बोलता विषय निघाला आणि त्यांनी विचारलं, ‘त्याने १०४० भरला की १०४०-एनआर?’ मला प्रश्नच कळला नाही.

तर आज त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

अमेरिकेचा टॅक्स कायदा माणसांचे दोन गट करतो: रेसिडेंट आणि नॉन-रेसिडेंट. याचा ग्रीन कार्डाशी संबंध आहे, पण तेवढाच नाही. एच-१बी वर आलेली मंडळी, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण, दिवस मोजून रेसिडेंट होतात. वर्षभर इथे राहिलात की तुम्ही रेसिडेंट, मग तुमचा फॉर्म १०४०. विद्यार्थ्याचे दिवस मात्र मोजतच नाहीत. एफ-१ वर आलेल्या मुलाला पहिली पाच कॅलेंडर वर्षं या मोजणीतून वगळलेलं असतं. दिवस मोजले नाहीत म्हणजे तो नॉन-रेसिडेंट, आणि त्याचा फॉर्म १०४०-एनआर.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला शब्दाचा. आयआरएस अशा मुलाला ‘एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल’ म्हणते. मुलं हे वाचतात आणि समजतात, आपल्याला टॅक्स माफ! तसं मुळीच नाही. माफी फक्त दिवस मोजण्यापुरती आहे. दुसरा खळगा वर्षाचा. कॅलेंडर वर्षातला एक दिवस जरी इथे असलात तरी ते अख्खं वर्ष धरलं जातं. माझा भाचा ऑगस्ट २०२१ मध्ये आला, तरी २०२१ हे त्याचं पहिलं वर्ष. मग २२, २३, २४, २५. झाली पाच. १ जानेवारी २०२६ पासून तो एफ-१ वरच असला तरी त्याचे दिवस मोजायला लागतील, आणि त्या वर्षी तो नेहमीसारखा इथे राहिला की रेसिडेंट होईल. ‘ऑगस्ट २६ पर्यंत पाच वर्षं पूर्ण होत नाहीत ना?’ असं त्यानेही विचारलं. आपण वाढदिवस मोजतो तसं ते मोजत नाहीत.

आता भाच्याचं काय झालं ते बघा. त्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरने विचारलं, की तुम्ही रेसिडेंट आहात का? याने न्यू जर्सीत राहतो म्हणून ‘हो’ टिचकी मारली. आपण घरी वापरतो त्यातली बहुतेक सॉफ्टवेअर १०४०-एनआर भरतच नाहीत, त्यामुळे पुढे कुठे अडलंही नाही. मग विद्यापीठाकडून आलेला १०९८-टी फॉर्म टाकल्यावर शिक्षणाची सवलत मिळाली. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, जास्तीत जास्त दोन हजार डॉलर. ही सवलत नॉन-रेसिडेंटला घेता येत नाही. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी जी अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट आहे तीही नाही. विद्यापीठाकडून १०९८-टी तुमच्या विद्यार्थ्यालाही येऊ शकतो. फाइलमध्ये ठेवा आणि विसरून जा.

म्हणजे दोन हजार डॉलर त्याने हक्क नसताना घेतले. आणि गंमत म्हणजे, त्याच वेळी तीन हजार डॉलर हक्काचे सोडून दिले. ते कसे, हे आता सांगते, कारण आजच्या भागातली पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के कापलेले असतात. दोन्ही मिळून ७.६५ टक्के. याला फायका म्हणतात. एफ-१ वरचा नॉन-रेसिडेंट विद्यार्थी परवानगीचं काम करत असेल, मग ते कॅम्पसवरचं असो, सीपीटीवरची इंटर्नशिप असो की ओपीटीवरची पूर्ण वेळ नोकरी, त्याच्या पगारातून हे कापायचं नसतं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं. चाळीस हजारांवर ७.६५ टक्के म्हणजे ३,०६० डॉलर. रुपयांत अडीच लाखांच्या वर. शैक्षणिक कर्जाचे कितीतरी हप्ते त्यात भागतात, आणि माझ्या दादाने ते कर्ज घर तारण ठेवून काढलं होतं.

विद्यापीठांच्या पगार विभागाला हा नियम पाठ असतो. तिथे सहसा चूक होत नाही. छोट्या, मध्यम कंपन्यांत होते. माझ्या भाच्याच्या कंपनीत त्याला उत्तर मिळालं, ‘इथे सगळ्यांचाच कापतो.’ तर तुमच्या मुलाची पहिली पगाराची चिठ्ठी आली की त्यात या दोन ओळी आहेत का बघा. पहिल्याच महिन्यात सांगितलं तर कंपनी पुढचं कापणं थांबवते आणि मागचं परत करते. नोकरीच्या पहिल्या दिवशी जो डब्ल्यू-४ भरून घेतात, त्यात चार-सी या ओळीखाली ‘नॉन-रेसिडेंट एलियन’ किंवा नुसतं ‘एनआरए’ लिहायचं असतं. मुलांना कुणी सांगत नाही. लिहिलं असेल तर पगार विभागाला निदान विचार करायला कारण मिळतं.

वर्ष उलटून गेलं असेल तर? आधी कंपनीलाच लेखी विचारायचं. त्यांनी परत केलं तर उत्तम, ते दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ देतील. नाही म्हणाले, तर आयआरएसकडे फॉर्म ८४३ आणि त्यासोबत ८३१६ पाठवायचा. जोडीला डब्ल्यू-२, व्हिसाची प्रत, आय-९४, ओपीटीचं कार्ड, आणि कंपनीने काय उत्तर दिलं त्याचा कागद. कंपनीने लिहून दिलं नाही तर आपण काय काय प्रयत्न केले ते स्वतः लिहायचं. हे सगळं कागदावर आणि टपालाने. रिटर्नच्या मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत मागता येतं, म्हणजे २०२३ च्या पगाराचं एप्रिल २०२७ पर्यंत. भाच्याने गेल्या शरद ऋतूत पाठवलं होतं, चेक मागच्या महिन्यात आला. तोवर रोज टपालपेटी उघडून बघायचा छंद लागला होता त्याला. मूळ रिटर्न दुरुस्त करायला १०४०-एक्स, त्याला जोडून बरोबर भरलेला १०४०-एनआर, आणि ते दोन हजार डॉलर व्याजासकट परत. आपणहून चूक सुधारली, त्यामुळे पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी जुने रिटर्न मागितले तरी दाखवायला लाज नाही.

ज्या दिवशी एफ-१ संपून एच-१बी लागू होतो, बहुतेकांचा १ ऑक्टोबरला, त्या दिवसापासून फायका कापायलाच हवा. तो चुकून कापला गेला म्हणून परत मागू नका. पण त्या वर्षाचा फॉर्म कोणता? ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवस होतात, १८३ ला पुरत नाहीत. म्हणून पाच वर्षं संपलेली नसतील तर ते वर्षसुद्धा साधारणपणे १०४०-एनआरचंच. लग्न झालेल्यांना काही वेगळे पर्याय असतात, त्यासाठी जाणकाराला पैसे देऊन विचारावं, माझ्यासारख्या रेडिओवालीला नाही.

आता थोडं सुखाचं बोलू. भारत आणि अमेरिकेत करार आहे, दोन्हीकडे टॅक्स बसू नये म्हणून केलेला. त्यातल्या २१ व्या कलमात भारतीय विद्यार्थ्याला एक सवलत आहे जी इतर फारच थोड्या देशांच्या मुलांना मिळते. नॉन-रेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला मिळतं. २०२४ साठी एकट्या माणसाचं ते १४,६०० डॉलर आहे.

समजा, लायब्ररीच्या काउंटरवर दोघं जण बसतात. एक आपला नाशिकचा, दुसरा काठमांडूचा. दोघांनी वर्षभरात नऊ-नऊ हजार डॉलर कमावले. नेपाळचा अमेरिकेशी असा करारच नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्याला पूर्ण नऊ हजारांवर १० टक्के म्हणजे नऊशे डॉलर फेडरल टॅक्स. नाशिककराचे नऊ हजार १४,६०० च्या आत, टॅक्स शून्य. वर्षभरात पगारातून फेडरल टॅक्स म्हणून जे कापलं असेल ते सगळं परत. पण हे आपोआप होत नाही. १०४०-एनआर भरताना स्टँडर्ड डिडक्शन भारत-अमेरिका कराराखाली घेत आहोत, असं नोंदवावं लागतं. ‘माझी कमाईच इतकी कमी, कशाला रिटर्न भरू?’ म्हणणारी मुलं या पैशावर पाणी सोडतात.

ज्यांची काहीच कमाई नाही त्यांचं काय? गेल्या ऑगस्टमध्ये आलेली, अजून कॅम्पसवर काम न मिळालेली बरीच मुलं असतील. त्यांनाही एक कागद पाठवायचाच आहे, फॉर्म ८८४३. हा टॅक्सचा रिटर्न नाही. मी विद्यार्थी आहे, या तारखेला आलो, या विद्यापीठात शिकतो, म्हणून माझे दिवस मोजू नका, एवढंच त्यात सांगायचं असतं. विद्यार्थ्याने पहिला आणि तिसरा भाग भरायचा. कमाई नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही. सही करायची आणि पाकिटात घालून टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आयआरएस केंद्राला टपालाने पाठवायचा. नुसता ८८४३ ऑनलाइन जात नाही. त्याची मुदत १५ जून, २०२५ मध्ये तो रविवार होता म्हणून १६ जून. पाठवण्याआधी फोटो काढा आणि टपालाची पावती जपून ठेवा.

एफ-२ वर आलेल्या बायकोने किंवा नवऱ्याने स्वतःचा वेगळा ८८४३ भरायचा. दोन वर्षांचं बाळ असेल तर त्याचाही. सही आई किंवा बाबा करतात. एका श्रोत्यांच्या जावईबापूंनी बाळाचा अंगठा लावला होता म्हणे. पोचला असेल का कोण जाणे!

ज्यांना पगार आहे त्यांच्यासाठी ८८४३ हा १०४०-एनआरला जोडून जातो, आणि मुदत आपल्यासारखीच, १५ एप्रिल. जमत नसेल तर ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मागता येतो. वेळ मिळतो तो कागद भरायला, पैसे भरायला नाही. टॅक्स देणं असेल तर तो एप्रिलमध्येच द्यायचा.

कागद कोणते येतात ते पटकन सांगते. पगाराचा डब्ल्यू-२, तो जानेवारी अखेर यायला हवा. शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप असेल तर १०४२-एस, तो १५ मार्चपर्यंत येतो. म्हणून फेब्रुवारीत घाईने रिटर्न भरू नका, दुसरा कागद वाटेत असू शकतो. शिष्यवृत्तीतला जो भाग फी आणि सक्तीच्या पुस्तकांत जातो त्यावर टॅक्स नाही. राहण्या-खाण्यासाठी हातात जे पैसे देतात त्यावर आहे, आणि एफ-१ च्या मुलांच्या त्या भागातून सहसा १४ टक्के कापून घेतात. पीएचडीच्या मुलांना हे नीट बघायला हवं, त्यांच्याकडे कधी कधी डब्ल्यू-२ आणि १०४२-एस दोन्ही येतात.

बँकेच्या बचत खात्यावर इथे मिळणारं व्याज नॉन-रेसिडेंटला करमुक्त असतं. चार-पाच डॉलरसाठी घाबरू नका.

शेअर मात्र वेगळी गोष्ट. हल्ली पोरं फोनवर शेअर घेतात-विकतात. खातं उघडताना डब्ल्यू-९ भरतात, खरं तर नॉन-रेसिडेंटने डब्ल्यू-८बेन भरायचा. डिव्हिडंडवर कराराप्रमाणे २५ टक्के. आणि विकून नफा झाला, त्या वर्षात मुलगा १८३ किंवा अधिक दिवस इथे होता, तर नफ्यावर सरसकट ३० टक्के लागू शकतो. तुम्ही-आम्ही वर्षभर शेअर ठेवून विकले तर बहुधा १५ टक्के देतो. स्टँडर्ड डिडक्शनही त्या नफ्याच्या मदतीला येत नाही. शिकायला आलेल्या मुलाने शेअरच्या नादी लागावं का, हा माझा विषय नाही. पण भाच्याला मी सांगितलं, की आधी कर्ज फेड, मग टाटा-अंबानीचं बघ.

राज्याचा टॅक्स वेगळा असतो आणि तिथे मोठा गोंधळ होतो. भारत-अमेरिका करार फेडरल सरकारने केलाय, राज्यं त्याला बांधील नाहीत. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन राज्य इथे पगारावर राज्याचा टॅक्सच नाही, ती मुलं सुटली. कॅलिफोर्निया करार मानत नाही, पण त्यांचं स्वतःचं एक स्टँडर्ड डिडक्शन आहे. पेनसिल्व्हेनियात तर स्टँडर्ड डिडक्शन नावाचा प्रकारच नाही, पगाराच्या पहिल्या डॉलरपासून ३.०७ टक्के. पिट्सबर्ग किंवा फिलाडेल्फियाला शिकणाऱ्या मुलाचा फेडरल टॅक्स शून्य झाला तरी राज्याचा रिटर्न भरावा लागतो. आणि न्यू जर्सीत आपल्याकडे राहून न्यूयॉर्कला इंटर्नशिप केली असेल तर दोन्ही राज्यांचे.

एक नाजूक मुद्दा. आपल्याच लोकांची दुकानं, हॉटेलं आहेत. शनिवार-रविवार काउंटरवर उभा राहा, रोख देतो, असं सांगणारे काका सगळीकडे असतात, आणि ते वाईट माणूस असतात असंही नाही. पण एफ-१ वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम केलं की व्हिसाच धोक्यात येतो. रोखीच्या कमाईवर टॅक्स लागतोच, आणि टॅक्स भरला म्हणून काम कायदेशीर होत नाही. त्या मुलाला दोन्हीकडून अडचण. मदत करायची असेल तर त्याला जेवायला बोलवा, काम देऊ नका.

आता भारतातली बाजू. हे तुमच्या भावाला, बहिणीला फोनवर सांगायचं आहे, म्हणून जरा नीट ऐका.

फीचे पैसे पाठवताना बँक टीसीएस कापते. आधी तो वर्षाला सात लाखांच्या वर लागायचा. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख केली, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर टीसीएस पूर्ण काढून टाकला. २०२५ मध्ये स्वतःच्या पैशातून फी पाठवली तर दहा लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के होता. पुढच्या सेमिस्टरची फी मार्चअखेर पाठवायची की एप्रिलमध्ये, हा विचार तेव्हा दादाला करायचा होता. जो टीसीएस कापला जातो तो बुडत नाही. ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या टॅक्सच्या नोंदीत तो दिसतो आणि त्याच्या टॅक्समधून वजा होतो, जास्त असेल तर परत मिळतो. म्हणून आजोबांच्या खात्यातून पैसे पाठवले आणि आजोबा रिटर्नच भरत नाहीत, तर ते पैसे अडकले. ज्याचा टॅक्स भरला जातो त्याच्याच खात्यातून पाठवणं सोयीचं.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, रकमेची मर्यादा नाही. पण ती जुन्या करपद्धतीतच. आणि जो कर्जदार म्हणून व्याज भरतो त्याला. मामाकडून किंवा आत्याकडून उसने घेतले तर त्यावर दिलेल्या व्याजाला नाही. आत्या व्याज घेत नाही हा भाग वेगळा.

मुलगा ज्या वर्षी निघतो त्या आर्थिक वर्षी भारताच्या हिशेबाने तो कोण? १ एप्रिल ते १० ऑगस्ट १३२ दिवस होतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांपर्यंत सवलत कायद्यात लिहिलेली आहे. शिक्षणासाठी जाणाऱ्याचं नाव तिथे स्पष्ट नाही. त्यामुळे निघण्याआधी तिकडे नोकरी करत असलेला, चांगला पगार घेणारा मुलगा त्या वर्षी भारतात रेसिडेंट धरला जाऊ शकतो, आणि मग इथे मार्चपर्यंत मिळालेली कमाईही तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते. सरळ बारावीनंतर किंवा कॉलेजमधून आलेल्या, कमाई नसलेल्या मुलाला याचा त्रास होत नाही. नोकरी सोडून आलेल्यांनी तिकडच्या सीएला एकदा विचारावं.

बँकेलाही सांगायला हवं. शिकायला बाहेर गेलेला मुलगा परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे अनिवासी होतो, त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के आणि वर सेस कापतात. त्याचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेत नसेल तर तिकडचा रिटर्न भरून ते परत मिळतं.

आणि शेवटी वहिनींची एफडी. मुलगा परदेशी निघाला की आपल्याकडे आया काय करतात? सगळ्या ठेवींवर त्याचं नाव जोडतात. ‘आमचं काही झालं तर त्याला धावपळ नको.’ सहकारी बँकेतली एफडी, पोस्टातलं खातं, सगळीकडे दुसरं नाव मुलाचं. भावना समजते. पण मघाशी सांगितलं तसं, सहाव्या कॅलेंडर वर्षी हा मुलगा अमेरिकेत टॅक्स रेसिडेंट होतो. त्या क्षणापासून त्याची जगभरातली कमाई अमेरिकेला सांगायची. आणि त्याचं नाव ज्या ज्या परदेशी खात्यावर आहे, त्या सगळ्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे मार्च २०२५ च्या भावाने साडेआठ लाखांच्या वर, तर एफबार भरायचा. त्यात आईच्या ठेवीची पूर्ण रक्कम धरायची, अर्धी नाही. पैसे आईचेच आहेत, हे खरं असलं तरी खात्यावर नाव आहे. एफबारमध्ये टॅक्स लागत नाही, नुसती माहिती आहे, पण न दिल्याचा दंड टॅक्सपेक्षा जड असतो. भारतातले म्युच्युअल फंड मुलाच्या नावावर असतील तर अमेरिकेचे नियम आणखी किचकट, त्यासाठी फॉर्म ८६२१ आहे आणि तो भरणारे जाणकार भरपूर पैसे घेतात. पाच वर्षं संपायच्या आत हे आवरलेलं बरं. वहिनींना मी सुचवलं, जोड नाव काढून नॉमिनी करा. पंधरा दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग बँकेत गेल्या आणि करून आल्या. तुमच्यापैकी ज्यांच्या नावावर तिकडे अशी खाती आहेत आणि जे इथे १०४० भरतात, त्यांनाही हाच नियम आज लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

मदत कुठे मिळते? बऱ्याच विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची कचेरी १०४०-एनआर भरणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट देते. ईमेल येतो, मुलं वाचत नाहीत. आजच त्याला शोधायला सांगा. ‘व्हीटा’ या आयआरएसच्या फुकट मदत केंद्रांपैकी काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांचे रिटर्न भरून देतात, सगळीकडे नाही, आधी फोन करून विचारावं. शिकून भारतात परत गेलेल्यांनाही शेवटच्या वर्षाचा रिटर्न भरायचा असतो. म्हणून जाण्याआधी कंपनीला पत्ता कळवायचा, आणि रिफंड जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करायचं नाही. आपला पत्ता देऊन ठेवला तर डब्ल्यू-२ आपल्याकडे येईल, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं आपल्याला जड नाही.

आणि फोन. ‘आयआरएसमधून बोलतोय, अर्ध्या तासात पैसे भरा नाहीतर अटक’ असे फोन विद्यार्थ्यांना हमखास येतात. आयआरएस पहिल्यांदा पत्र पाठवते, गिफ्ट कार्डवर पैसे मागत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली तेव्हा कळलं, की असे कितीतरी फोन आपल्याच गावाकडून येत होते. समोरचा माणूस इंग्रजी बोलता बोलता मध्येच ‘अरे यार’ म्हणाला तर फोन ठेवून द्या.

नेहमीप्रमाणे एक सांगायला हवं, मी टॅक्सची सल्लागार नाही. प्रत्येकाची गोष्ट थोडी वेगळी असते आणि आकडे दरवर्षी बदलतात. आज सांगितलेले इथले आकडे २०२४ च्या रिटर्नचे आहेत. या शनिवारी तो किंवा ती घरी आली, की जेवण झाल्यावर तीन गोष्टी विचारा. कोणत्या वर्षी आलास? पगाराच्या चिठ्ठीत सोशल सिक्युरिटी कापलीय का? आणि गेल्या वर्षी कोणता फॉर्म भरलास? पुढच्या भागात आपण पाडव्याच्या कार्यक्रमाची तयारी आणि श्रीखंडाचा चक्का इथल्या दह्यातून कसा घट्ट करायचा, यावर बोलणार आहोत.